वायूंच्या समतोलाची गणितं: आंशिक दाबापासून केपीपर्यंत

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात होते. अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीत सुरू झालं आणि रासायनिक समतोलाच्या प्रकरणात मी पहिल्यांदा खरी अडकले. चाचणीत केपीचं गणित आलं होतं. केपी म्हणजे पुढची आणि उलटी अभिक्रिया सारख्या वेगाने चालू लागली, म्हणजे समतोल आला, की वायूंच्या दाबांवरून काढायचा स्थिरांक. एकूण दाब दिला होता, तो मी सरळ सूत्रात भरला आणि पुढचं सगळं नीट सोडवलं. गुण शून्य. सूत्र तोंडपाठ होतं, पण त्यात कोणता दाब भरायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आता घरी शिकवणी घेते. मुलांच्या वह्या तपासताना तीच चूक त्याच जागी दिसली की जीव तुटतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: केपीच्या सूत्रात एकूण दाब कधीच जात नाही, प्रत्येक वायूचा स्वतःचा दाब जातो. खालच्या सगळ्या पायऱ्या या वाक्यातूनच निघतात.

हाताशी काय काय हवं

- अकरावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक. समतोलाच्या प्रकरणाइतकंच वायूंच्या नियमांचं प्रकरणही लागेल.
- लॉग टेबल. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. घरी सगळा सराव कॅल्क्युलेटरवर केलात तर पेपरात साधं वर्गमूळ काढतानाही हात थांबतो.
- वायू स्थिरांक ‘आर’ची दोन मूल्यं: दाब बारमध्ये असेल तर ०.०८३१४, ॲटमॉस्फिअरमध्ये असेल तर ०.०८२०६. दोन्हींत आकारमान लिटरमध्ये आणि तापमान केल्विनमध्ये.
- दहावीत शिकलेलं वर्गसमीकरणाचं सूत्र. विसरला असाल तर आज रात्रीच पुन्हा बघा.
- पेन्सिल आणि पट्टी, कारण तक्ते आखायचे आहेत.

१. आंशिक दाब आधी हवेत ओळखा

पुस्तकात ‘पार्शल प्रेशर’ असा शब्द येईल, त्याला आपण आंशिक दाब म्हणू. एका भांड्यात तीन वायू मिसळलेले असतील, तर त्यातला एकच वायू त्या अख्ख्या भांड्यात एकटा असता तर त्याने जेवढा दाब दिला असता, तेवढा त्याचा आंशिक दाब. सगळ्यांची बेरीज म्हणजे एकूण दाब. हा नियम जॉन डाल्टन यांनी १८०१ मध्ये मांडला.

मी मुलांना महाबळेश्वरचं उदाहरण देते. मुंबईत समुद्राकाठी हवेचा एकूण दाब साधारण १.०१ बार असतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे त्याचा आंशिक दाब ०.२१ × १.०१ = सुमारे ०.२१ बार. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचावर आहे, तिथे एकूण दाब साधारण ०.८६ बार भरतो. ऑक्सिजनची टक्केवारी तिथेही २१च आहे. पण आंशिक दाब ०.२१ × ०.८६ = ०.१८ बार. टक्केवारी तीच राहिली, आंशिक दाब मात्र उतरला. का, तर एका लिटर हवेत ऑक्सिजनचे रेणूच कमी आहेत. आंशिक दाब म्हणजे ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या जागेत त्या वायूचे किती रेणू आहेत याची मोजणी, एवढं मनात पक्कं बसवा.

हिशोबाचं सूत्र सोपं आहे (मोल म्हणजे रेणू मोजायचं एकक): आंशिक दाब = त्या वायूचे मोल ÷ सगळ्या वायूंचे मिळून मोल × एकूण दाब. भागाकाराच्या त्या आकड्याला मोल फ्रॅक्शन म्हणतात.

इथला सापळा: गणितात वायू ग्रॅममध्ये दिले असतील तर आधी त्यांचे मोल करा. ग्रॅमचं गुणोत्तर म्हणजे मोल फ्रॅक्शन नव्हे. २ ग्रॅम हायड्रोजन म्हणजे १ मोल, पण २८ ग्रॅम नायट्रोजन म्हणजेही १ मोलच.

२. अभिक्रिया लिहा आणि प्रत्येकाची अवस्था लिहा

या लेखात आपण एकच अभिक्रिया शेवटपर्यंत नेऊ: डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचं विघटन होऊन नायट्रोजन डायऑक्साइड तयार होणं. वर्गात आपण त्यांना एनटूओफोर आणि एनओटू म्हणतो, तसंच म्हणू. एका एनटूओफोरपासून दोन एनओटू होतात, आणि दोन एनओटू एकत्र येऊन परत एक एनटूओफोर होतो.

ही अभिक्रिया निवडण्याचं कारण असं की ती डोळ्यांना दिसते. एनटूओफोर रंगहीन, एनओटू तांबूस तपकिरी. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मॅडमनी हा वायू भरून वितळवून बंद केलेल्या तीन काचेच्या नळ्या आणल्या होत्या. एक बर्फात, एक गरम पाण्याच्या बीकरमध्ये आणि एक नुसती टेबलावर ठेवली. बर्फातली हळूहळू इतकी फिकी झाली की पाठीमागे धरलेल्या कागदावरची अक्षरं वाचता आली. गरम पाण्यातली काढ्यासारखी गडद झाली. मग मॅडमनी दोन्ही बाहेर काढून टेबलावरच्या नळीशेजारी ठेवल्या, आणि थोड्या वेळाने तिन्हींचा रंग सारखा झाला. वरून कुठूनही आले तरी मुक्काम एकच, हे मला त्या दिवशी कळलं. (हा वायू विषारी आहे, फुप्फुसांना इजा करतो. घरी करून बघायचा प्रयोग हा नाही.)

अवस्था लिहायला का सांगते? कारण घन पदार्थ आणि शुद्ध द्रव केपीच्या सूत्रात येत नाहीत. चुन्याची भट्टी घ्या. चुनखडी तापली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड होतो. चुनखडी घन, चुना घन, वायू एकटा कार्बन डायऑक्साइड. म्हणून केपी = कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब, बस्स. भट्टीत चुनखडी एक पाटी टाकली काय किंवा गाडीभर टाकली काय, समतोलाचा दाब तोच. तो दाब सुमारे ९०० अंश सेल्सिअसला वातावरणाच्या दाबाइतका होतो. भट्टी उघडी असते, वायू निघून जातो, समतोल येतच नाही आणि सगळी चुनखडी भाजून निघते. अवस्था न लिहिणारा विद्यार्थी इथे तिन्ही पदार्थ सूत्रात घालतो आणि गणित अडून बसतं.

३. केपीची मांडणी करा

उत्पादितांचे आंशिक दाब वर, अभिक्रियाकारकांचे खाली, आणि समीकरणातला गुणक घात म्हणून. समतोलाचा हा नियम नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी १८६४ मध्ये मांडला. आपल्या अभिक्रियेसाठी:

केपी = (एनओटूचा दाब)² ÷ एनटूओफोरचा दाब

२५ अंश सेल्सिअसला याचं मूल्य सुमारे ०.१५ आहे, दाब बारमध्ये धरून. ते बारमध्ये का? प्रत्येक दाब आधी १ बार या प्रमाण दाबाने भागलेला असतो, म्हणून खरं तर केपीला एकक नसतं. १९८२ पर्यंत प्रमाण दाब १ ॲटमॉस्फिअर होता, तेव्हा आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तो १ बार करायची शिफारस केली. त्यामुळे जुन्या आणि नव्या पुस्तकांतले आकडे किंचित वेगळे दिसतात. १ ॲटमॉस्फिअर = १.०१३२५ बार. फरक लहान आहे, पण एकाच गणितात दोन्ही मिसळू नका.

इथला सापळा मोठा आहे. केपीचा आकडा समीकरण कसं लिहिलं आहे त्यावर ठरतो. तेच समीकरण उलटं लिहिलंत तर केपी होतो १ ÷ ०.१५ = ६.६७. निम्मं करून, म्हणजे अर्ध्या एनटूओफोरपासून एक एनओटू असं लिहिलंत, तर होतो ०.१५चं वर्गमूळ, ०.३९. नळीतला वायू तोच, आपली लिहायची पद्धत बदलली. म्हणून केपी दिलेला असेल तर तो नेमक्या कोणत्या समीकरणाचा आहे ते आधी बोट ठेवून बघा.

४. तीन ओळींचा तक्ता आखा

ही पायरी कुणी कितीही घाई केली तरी सोडायची नाही. वायूंच्या नावाचे रकाने करा आणि खाली तीन ओळी: सुरुवात, बदल, समतोल.

समजा बंद भांड्यात २५ अंशांना फक्त एनटूओफोर १ बार दाबाने भरला, आणि भांड्याचं आकारमान कायम आहे.

सुरुवात: एनटूओफोर १, एनओटू ०
बदल: एनटूओफोर उणे क्ष, एनओटू अधिक २क्ष
समतोल: एनटूओफोर १ − क्ष, एनओटू २क्ष

‘बदल’च्या ओळीत गुणक आलेच पाहिजेत. मुलं सरसकट दोन्हीकडे क्ष लिहितात. एक रेणू फुटला की दोन होतात, मग एनटूओफोरचा दाब जेवढा घटतो त्याच्या दुपटीने एनओटूचा दाब वाढणार.

दाबाचे आकडे थेट असे मांडता येतात ते तापमान आणि आकारमान कायम असल्यामुळे. तेव्हा दाब मोलांच्या प्रमाणात असतो. भांड्याला सरकता दट्ट्या असेल तर तक्ता मोलांमध्ये करा आणि आंशिक दाब शेवटी काढा.

५. सोडवा, आणि क्ष घाईने सोडून देऊ नका

(२क्ष)² ÷ (१ − क्ष) = ०.१५
म्हणजे ४क्ष² + ०.१५क्ष − ०.१५ = ०

वर्गसमीकरणाच्या सूत्राने क्ष = ०.१७६. दुसरं उत्तर ऋण येतं, ते सोडा, दाब ऋण नसतो.

म्हणून एनटूओफोर ०.८२४ बार, एनओटू ०.३५२ बार, एकूण १.१७६ बार. उत्तर परत सूत्रात घालून बघा: ०.३५२ चा वर्ग ०.१२४, त्याला ०.८२४ ने भागलं की ०.१५. जमलं.

आता सगळ्यांना आवडणारी युक्ती, ‘१ − क्ष म्हणजे जवळजवळ १’. ती इथे वापरली तर क्ष ०.१९४ येतो, म्हणजे दहा टक्क्यांची चूक. केपी हजारांशाच्या खूप खाली असेल तर ही युक्ती खुशाल वापरा, पण नंतर क्ष सुरुवातीच्या दाबाच्या पाच टक्क्यांहून कमी आहे ना, ते तपासा. नसेल तर मुकाट्याने वर्गसमीकरण.

६. केपी आणि केसी

केसी म्हणजे तेच सूत्र, फक्त दाबांच्या जागी मोल प्रति लिटर. दोघांचं नातं: केपी = केसी × (आर × टी) चा डेल्टा एन इतका घात. टी म्हणजे केल्विनमधलं तापमान. डेल्टा एन म्हणजे उत्पादितांतले वायूचे मोल वजा अभिक्रियाकारकांतले वायूचे मोल. आपल्याकडे २ − १ = १. आर × टी = ०.०८३१४ × २९८ = २४.८. म्हणून केसी = ०.१५ ÷ २४.८ = ०.००६.

इथे दोनच चुका होतात: तापमान सेल्सिअसमध्येच भरणं, आणि डेल्टा एनमध्ये घन पदार्थ मोजणं. हायड्रोजन आणि आयोडीनच्या वाफेपासून हायड्रोजन आयोडाइड होतो तिथे दोन्हीकडे दोन मोल, डेल्टा एन शून्य, म्हणून केपी आणि केसी सारखेच.

७. भांडं दाबलं तर काय, हे क्यूने ठरवा

‘दाब वाढवला की समतोल कमी मोलांच्या बाजूला सरकतो’ हे ले शातेलिए यांचं तत्त्व मुलांना पाठ असतं. पण का सरकतो ते आकड्यांत बघितलं की ते कायमचं समजतं.

वरच्या भांड्याचं आकारमान झटकन निम्मं करा. त्या क्षणी दोन्ही दाब दुप्पट: एनटूओफोर १.६४८, एनओटू ०.७०३. हे आकडे केपीच्याच सूत्रात घाला. समतोल नसताना येणाऱ्या या आकड्याला क्यू म्हणतात. क्यू = ०.४९४ ÷ १.६४८ = ०.३०. तो ०.१५ पेक्षा मोठा आहे, म्हणजे एनओटू गरजेपेक्षा जास्त आहे, म्हणून अभिक्रिया मागे वळते. पुन्हा तक्ता केला, सुरुवात २ बार धरून, तर समतोलाला एनटूओफोर १.७४४ आणि एनओटू ०.५१२ बार. विघटन १७.६ टक्क्यांवरून १२.८ टक्क्यांवर आलं. केपी मात्र ०.१५च.

आता एनओटूचे तीन आकडे एका ओळीत वाचा: ०.३५२, मग ०.७०३, मग ०.५१२. सिरिंजमध्ये हा वायू भरून दट्ट्या दाबतात तेव्हा हेच दिसतं. रंग आधी एकदम गडद होतो, मग थोडा उतरतो, पण मूळच्या इतका फिका होत नाही. ‘दाब वाढवला की रंग फिका होतो’ एवढंच लिहिणाऱ्या मुलाला अर्धीच गोष्ट कळलेली असते. समतोल मागे सरकतो, पण झालेला बदल पुरता पुसला जात नाही.

आणि नेहमी विचारला जाणारा प्रश्न: भांड्यात आर्गॉन सोडला तर? आकारमान कायम असेल तर एकूण दाब वाढतो, पण एनओटू आणि एनटूओफोरचे आंशिक दाब हलत नाहीत, म्हणून काहीच होत नाही. दट्ट्या सरकता असेल आणि एकूण दाब कायम असेल, तर आर्गॉनला जागा द्यायला भांडं मोठं होतं, दोघांचे आंशिक दाब उतरतात आणि विघटन वाढतं. पहिल्या पानावरचं वाक्य इथे पुन्हा वाचा, उत्तर त्यातच आहे.

८. केपी बदलतो तो फक्त तापमानाने

दाब, आकारमान, उत्प्रेरक, जास्तीचा वायू, यांपैकी कशानेही केपी बदलत नाही. उत्प्रेरकाने समतोल लवकर येतो, एवढंच. एनटूओफोर फुटायला मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणून तापवलं की केपी वाढतो. गरम पाण्यातली नळी त्यामुळेच गडद झाली.

याची दुसरी बाजू अमोनियात दिसते. एक मोल नायट्रोजन आणि तीन मोल हायड्रोजनपासून दोन मोल अमोनिया होतो तेव्हा सुमारे ९२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. २५ अंशांना याचा केपी सुमारे ६ लाख, ४५० अंशांना सुमारे ०.००००४५. मग कारखाने थंडच का चालवत नाहीत? कारण थंडीत अभिक्रिया इतकी हळू होते की लोखंडाचा उत्प्रेरक घालूनही उपयोग नाही. म्हणून ४०० ते ५०० अंश तापमान घ्यावं लागतं आणि गेलेलं उत्पादन दाबाने परत मिळवावं लागतं.

किती मिळतं ते आपल्याच सूत्राने काढता येतं. वायू एकास तीन घेऊन ४५० अंशांना, १ बार एकूण दाबाला, समतोलात अमोनिया जेमतेम ०.२ टक्के. तोच हिशोब २०० बारला केला तर सुमारे २५ टक्के. (इतक्या दाबाला वायू आदर्श वागत नाहीत, म्हणून आकडा अंदाजाचा आहे, पण दिशा पक्की.) फ्रिट्झ हाबर यांनी ही वाट शोधली, कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात आणली आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊला उत्पादन सुरू झालं. आपल्याकडे तुर्भे आणि अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यांत अमोनिया होतो, तो याच अभिक्रियेने. शेतावर युरियाची गोणी बघितली असेल, तर तिच्या मागे हाच केपी उभा आहे.

९. उत्तर लिहिण्याआधी तपासा

माझ्या विद्यार्थ्यांना मी तीन प्रश्न विचारायला लावते. समतोलाचे दाब सूत्रात घातले की दिलेला केपी परत येतो का? कुठला दाब ऋण किंवा सुरुवातीच्या साठ्यातून होऊ शकेल त्यापेक्षा मोठा तर नाही? आंशिक दाबांची बेरीज एकूण दाबाइतकी आहे का?

आता एक गणित तुमच्यासाठी. फॉस्फरस पेंटाक्लोराइड वायूरूपात फुटून एक मोल ट्रायक्लोराइड आणि एक मोल क्लोरीन होतो. आकारमान कायम, सुरुवातीला फक्त पेंटाक्लोराइड १ बार, आणि समजा त्या तापमानाला केपी १.८. तक्ता आखा, क्ष काढा, एकूण दाब सांगा. क्ष ०.७१६ आणि एकूण दाब १.७२ बार यायला हवा. सगळंच्या सगळं फुटलं तरी एकूण दाब २ बारच होईल, त्यामुळे उत्तर २ च्या वर गेलं तर चूक ‘बदल’च्या ओळीत आहे, तिथूनच पुन्हा सुरू करा.